धूर काळा की निळा?

गेलं वर्षभर आमच्या ढाणकीत एक गृहस्थ रोज सकाळी शिडीवर चढून इंजिनाच्या धुराच्या नळीपुढे पांढरा रुमाल धरत होते. वीस आकडे मोजून खाली उतरायचे आणि दळण घेऊन आलेल्या पहिल्या माणसाच्या नाकासमोर तो रुमाल नाचवून विचारायचे, "सांगा, काळा हाये का निळा?"

हे पुंजारामकाका. माझ्या घरासमोर त्यांची पिठाची गिरणी आहे आणि ती चालते त्यांच्या वडिलांच्या काळातल्या डिझेल इंजिनावर. मी शाळेत शिकवते, म्हणून मी दिसले की रुमालाचा रंग सांगायचा पहिला मान माझा. एकदा मी "राखाडी" म्हणाले तर काकांचा चेहराच पडला. राखाडीवर कोणत्याच मिस्त्रीकडे इलाज नव्हता.

एका मिस्त्रीने त्यांना सांगितलं होतं, काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे इंजिन थंड आहे. दुसरा म्हणाला, डिझेल फवारणारी नोझल बदला. तिसरा म्हणाला, नोझलला हात लावाल तर याद राखा. काकांनी तिघांचंही ऐकलं. दळणाला आलेल्या बायकांमध्ये तर रोज दोन पक्ष पडायचे, एक काळा म्हणणारा, एक निळा म्हणणारा. एका आजीबाईंनी रुमाल निळीतून काढायचा सल्ला दिला. "मले तं काहीच समजून नाही राह्यलं, बाई," हे काकांचं पालुपद. ते म्हणून झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडी.

"विजेची मोटार बसवा की," मी म्हणायचे.

"लाइन असते का दिवसभर?"

मग मी दळणाचा डबा उचलून घरी यायचे.

मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. धूर जायचा मागच्या भिंतीपलीकडे, आणि तिथे राहतात काकांचे थोरले भाऊ, सखारामदादा. वाटणीच्या वेळी दोघांचं बिनसलं, ते अकरा वर्षं बोलणं बंद. दादांना दमा. कानाने मात्र ठार बहिरे, त्यामुळे इंजिनाच्या आवाजाचा तरी त्रास नाही. पुंजाराम भावावर मुद्दाम धूर सोडतो, असं अर्धं गाव म्हणायचं. पण मुद्दाम सोडणारा माणूस रोज शिडीवर कशाला चढेल? आणि दुपारी इंजिन बंद झालं की मागच्या भिंतीला कान लावून काय ऐकत बसेल?

एकदा मी विचारलंच. "काका, इंजिन इकडं आणि कान तिकडं?"

त्यांनी आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहून घेतलं. "दादाचं खोकणं मोजून राह्यलो, बाई. काल चौदा डाव, आज सतरा. नोझल तं बदलली, मंग वाढलं काहून?"

या माणसाची वर्षभर मनातल्या मनात टिंगल केल्याची मला लाज वाटली.

मग उमरखेडहून एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी रुमालाकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन जिथून हवा आत ओढतं, त्या तोंडाशी जाऊन बसले आणि तिथून एक फडकं सोडवलं. मग त्याखालचं दुसरं. मग तिसरं. तिन्ही पिठाने थापलेली.

"हे कोनं बांधलं?"

"मीच," काका अभिमानाने म्हणाले. "पीठ आत जाऊ नाही म्हणून. धूर वाढला का मी एक फडकं वाढवतो."

"अरे बाप्पा! हवाच नाही भेटून राह्यली त्याले, तं डिझेल जळन कशानं?"

मिस्त्रींनी हवेची गाळणी धुऊन काढली आणि एक नळी लावून हवा गिरणीच्या बाहेरून घेतली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी रुमाल जवळजवळ पांढरा. काका तो उलटसुलट करून पाहत होते. त्यांचा विश्वासच बसेना. एवढ्यात गिरणीच्या दारात काठी टेकत, धापा टाकत सखारामदादा येऊन उभे राहिले. इंजिन धडधडत होतं, पण ते त्यांना कुठलं ऐकू येणार?

"आज धूर काहून नाही दिसला?" ते ओरडूनच बोलले. "मले वाटलं... बरा हायेस ना तू?"

काकांनी नुसती मान हलवली. दादांनी धाकट्या भावाला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं आणि आल्या पावली निघून गेले.

काका माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर आधीपेक्षा दुप्पट गोंधळ. "बाई, धूर सोडला तं दादा खोकलते. नाही सोडला तं दादा भेते. आता मी काय करू? थोडासा ठेवू का?"

"अहो, रोज सकाळी तुम्हीच जाऊन तोंड दाखवून या ना!"

हे त्यांना खरंच सुचलं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं, अंगावरचं पीठ झटकलं, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "दादानं घर नवं बांधलं, तवापासून मी गेलोच नाही. दार कोणत्या गल्लीत हाये त्याचं?"