आपोआप उघडणारं गाठोडं

वेंकोबराव कुणाला नारळ देतात तेव्हा तो फोडायला कोयताही देतात. आमच्याकडे कोयता आहे म्हटलं तरी ऐकत नाहीत. लग्नाला जातात ते आपलं केळीचं पान आणि पाण्याची बाटली घेऊन. मुलीचा बाप रडकुंडीला येतो. "राव, आम्ही वाढणार नाही असं वाटलं का तुम्हाला?" हे म्हणतात, "तसं नव्हे हो. समोरच्यावर भार नको."

हेच एक वाक्य, सकाळ-संध्याकाळ. टाउन बसमध्ये बसले तरी अंग असं आखडून घेतात की शेजारी एक बाई टोपलीसकट मावते.

मी त्यांच्या मागल्या खोलीत भाड्यानं राहते. नवरा गेला तेव्हा माझी मुलगी कडेवर होती. तिरुवैयारूहून इथं तंजावूरला आले, लोकांच्या गच्च्यांवर तांदळाचे वडाम, तळणीच्या पापड्यांसारखे, घातले, वाळवले, विकले. उन्हानं पाठ सोलून निघायची. मुलगी वाढली, लग्न झालं, पहिल्या बाळंतपणातच गेली. काय करणार? चूल पेटवली, पीठ शिजवायला घेतलं. अजून घालते वडाम, आता वेंकोबरावांच्या गच्चीवर. जिना त्यांच्या खोलीवरून जातो, म्हणून मला त्यांचं सगळं ठाऊक.

ते आधी एका ऑफिसात कॉम्प्युटरवर होते. तिथं बाहेरगावच्या फायली दाबून, लहान करून यायच्या म्हणे, आणि त्या उघडायला वेगळाच प्रोग्राम लागायचा. तो कुणाकडेच नसायचा. अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसायचं. मग ह्यांनी स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. फोटो असोत, कागद असोत, गाणी असोत, सगळं दाबून एक गाठोडं करायचं आणि ते सोडायची युक्ती त्याच्याच पोटात घालून ठेवायची. ज्याला मिळेल त्यानं नुसती दोनदा टिचकी मारायची. आपलं आपण उघडतं.

पुढं रिटायर झाले, बायको गेली, पण हा नाद राहिला. मी वडाम उलटत असले की वर येऊन मला समजावतात.

"अक्का, तुमचा वडाम बघा. वाळला की एवढासा, तळला की ताटभर. माझ्या गाठोड्यासारखाच. पण त्याला तेल लागतं! समोरच्याकडे तेल नसलं तर? तिथं तुम्ही हरलात."

"मग तेल तुम्ही द्या," मी म्हणते. "आणि सरका जरा, सावली पडते."

त्यांचा एकुलता मुलगा, मुकुंद, लांब थंडीच्या देशात असतो. त्याला हे दर शनिवारी गाठोडं पाठवायचे. त्यात मोठ्या देवळाचा रथ, कावेरीला आलेलं पाणी, परसातल्या केळीला आलेलं केळफूल. पण तिकडचा कॉम्प्युटर म्हणे आपोआप उघडणारं काहीही घरात घेत नाही. चोर असेल असं समजून फेकून देतो. मग रविवारी मुकुंदाचा फोन यायचा. ह्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा, अर्ध्या गल्लीला ऐकू जायचा.

"अप्पा, परत फेकलं त्यानं. काय होतं आत?"

मग आत काय होतं ते हे सांगत बसायचे. केळफुलापासून निघायचे ते शेजारच्या म्हशीपर्यंत जायचे. माझा एक चादरभर वडाम घालून व्हायचा तरी बोलणं चालूच.

पोंगलच्या सणाला मुकुंद आला होता. गुणी मुलगा. बापाचं गाठोडं पोचत नाही ह्याचं त्याला वाईट वाटायचं. कॉम्प्युटरशी बसून त्यानं काय काय केलं आणि म्हणाला, "अप्पा, आता बघा. फेकणार नाही, लगेच उघडेल."

आणि उघडलं. तो परत गेल्यावरचं पहिलंच गाठोडं पोचलं, सुटलं, फोटो दिसले. तिकडून उत्तर काय आलं, तर अंगठा. वेंकोबरावांनी मला फोनवर दाखवला. पिवळा, उभा.

"हे काय?" मी म्हटलं. "मला सही येत नाही म्हणून मी अंगठा लावते. हा एवढा शिकून अंगठा?"

"छान आहे म्हणतो तो," वेंकोबराव म्हणाले. "बघा, उघडलं की नाही? कुणाला काही विचारावं लागलं नाही."

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. गाठोडी जात होती, अंगठे येत होते. वेंकोबराव गच्चीवर यायचे बंद झाले. मी कॉफी नेऊन ठेवायची, ती तशीच गार व्हायची, वर साय धरायची. मी काही विचारलं नाही. असं विचारलेलं मलाही कधी सोसलं नाही.

मग एका रविवारी जिना चढताना फोन ऐकला.

"अप्पा, गाठोड्याला हे कुलूप कसलं? शब्द मागतंय."

"हो, कुलूप घातलंय. शब्द कळल्याशिवाय उघडायचं नाही."

"मग लिहून पाठवा ना शब्द."

"लिहायचा नसतो. कुणी वाचेल. तोंडानंच सांगावा लागतो." वेंकोबरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मीनू आहे का तिथं? तिला दे. तिला ओळखू दे."

मीनू त्यांची नात. आमची तंजावूरची मराठी सगळी कळते, बोलायला लाजते.

"मीनू, तुझी आजी केळफुलाचं काय करायची ग?"

पलीकडून बारीक आवाज आला, "पचडी?"

"आधी काय करावं लागतं?"

"सोलायचं... आजोबा, हात काळे होतात!"

वेंकोबराव इतके हसले की खोकला आला. शब्द कुठचा, कुलूप कुठचं, दोघं मिळून फोनवरच केळफूल सोलत बसले. पुढं वाल आले, मग म्हैस आली.

फोन ठेवून वळले तर जिन्यात मी.

"अक्का... मुकुंदाला काही सांगू नका हं."

"काय सांगू? मी वडाम उलटायला चालले."

मी वर गेले. जरा वेळानं तेही आले, माझ्यापासून लांब उभे राहिले. कोयत्याशिवाय नारळ न देणारा हा माणूस, मला म्हणाला, "अक्का, दोन वडाम तळावे म्हणतो. पण घरातलं तेल संपलंय. तुमच्याकडे असेल का थोडं? तुम्हीही या खायला."

सकाळी कॉफी ठेवायला गेले तेव्हा त्यांच्या फळीवर तेलाचा डबा बघितला होता मी. काठोकाठ भरलेला.

मी खाली गेले आणि वाटीभर तेल घेऊन आले.