तात्यांनी निवडलेल्या फळ्या

आमच्या चाळीत कुणी नवीन काही आणलं की ते आधी तात्या परबांच्या हातात द्यावं लागतं. कुकर असो, चपला असोत, नाहीतर बारशाचं मूल असो. तात्या ते तळहातावर घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "जड आहे." माझ्या लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा ते जडच म्हणाले होते.

तात्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर होते, कामगारांवरचे मुकादम. साच्यावर इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा निवडावा तर तात्यांनीच, असं त्यांचं नाव. ढिगातला चांगला धोटा ते नुसत्या बोटावर तोलून काढायचे. मग संप झाला, मिल गेली, धोटे गेले, बोट तेवढं राहिलं. ते आता आमच्यावर चालतं.

त्यांची एकुलती एक मुलगी शैला. लालबागला तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या मुलीने कबड्डी खेळावी, बँकेच्या परीक्षा द्याव्यात. ही कॉलेजातून डोंगर चढायला म्हणून गेली ती थेट मनालीला बर्फावर स्कीइंग शिकवायला लागली. दोन लांब पट्ट्या पायांना बांधून उतारावरून घसरत यायचं आणि त्याचा पगार मिळतो, हे चाळीला पटायलाच दोन वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात तिथल्या जड, पुरुषांच्या मापाच्या स्कीवर तिचा गुडघा दुखावला. तिची आई, आमच्या काकी, तर चार वर्षांपूर्वीच गेलेल्या. तीन महिने तात्यांनीच तिचं सगळं केलं. आता डॉक्टरांनी सोडलं होतं आणि रविवारी तिला निघायचं होतं. स्वतःची हलकी जोडी मिळाली तर ठीक, नाहीतर पुन्हा तीच जड. "तशीच जाईन, तात्या," ती म्हणाली. ती खरंच गेली असती, एवढी हट्टी.

मी धोबीतलावला खेळाच्या सामानाच्या दुकानात कामाला. आमच्याकडे खप बॅटींचा आणि कॅरमचा. मी शेठच्या मागे लागून दिल्लीहून तीन जोड्या बघायला मागवल्या. आणि त्यातून निवडणार कोण? ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, ते तात्या!

बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते दुकानात हजर. शैलाने त्यांना आधीच सगळं समजावलं होतं. पहाटे बर्फ कडक असतो, दुपारी त्याचा चिखल होतो, नवा पडला की भुसभुशीत. या सगळ्यावर चालेल अशी एकच जोडी हवी.

"म्हणजे सकाळी धोतर नि दुपारी लुगडं विणणारा साचा," तात्या म्हणाले. "कळलं. काढ फळ्या." स्कीला ते फळ्याच म्हणतात.

मी आधी गुलाबी जोडी काढली. वर फुलंबिलं. "ही खास बायकांची," मी म्हटलं. तात्यांनी त्यातली एक बोटावर तोलली. मग पुरुषांची काळी उचलली. पुन्हा गुलाबी.

"मेल्या, ही बाई नाय! दशावतारातली राणी आहे. लुगडं नेसलेला बाप्या! वजन तेच, लाकूड तेच, नुसता रंग फासलाय."

सगळी गिऱ्हाइकं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वजनकाट्यावर ठेवून पाहिलं, तर दोन्ही अगदी एका वजनाच्या.

राहिली राखाडी. ही मधे कमरेला बारीक, टोकं जरा उचललेली. तात्यांनी ती दोन स्टुलांवर आडवी ठेवून मधोमध दाबली, कानाशी नेऊन टकटक केली. "हलकी आहे," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "पण हलकी वस्तू फसवते. चालवून बघायला हवी. घरी घे."

शनिवारी सकाळी मी अंघोळ करत होतो तोच गॅलरीत आरडाओरडा. तात्यांनी माझा कॅरमच्या पावडरीचा अख्खा डबा गॅलरीभर शिंपडला होता, फळ्या पायांना नाडीने बांधल्या होत्या आणि गंजीफ्रॉक नि हाफपँटीत "बाजूला व्हा रे!" करत ते सुटले होते, ते थेट नाईककाकूंच्या पिंपापर्यंत. पिंप आडवं, तात्या आडवे, पाणीच पाणी, आणि काकूंचा तोंडाचा पट्टा चालू. तात्यांनी पडल्या पडल्या फळी वाकवून सोडली, ती टणकन सरळ झाली. "परत येते," ते समाधानाने म्हणाले.

शैला हसून हसून दारात बसली. मग एकदम चिडली. "तात्या, पाय मोडला असता तर?"

"मोडला तर मोडला. मला कुठे जायचंय?"

दुपारी आम्ही दोघं गॅलरी पुसत होतो. माझं डोकं फिरलेलंच होतं. म्हटलं, "तात्या, पाव-अर्ध्या किलोसाठी केवढा हा तमाशा!"

ते फडकं पिळत राहिले. मग हळूच मालवणीत म्हणाले, "संपात तुझी काकी डबे करी, आठवता तुका? ते पोचवायक कोण जाय? शैला. नऊ वर्षांचां चेडू. दोनय हातांत डबे, नि ह्येच जिने. आणि मी हय गॅलरीत बसान. जॉबर माणूस लोकांच्या दारार डबे घेवन कसो जातलो? माका लाज वाटली." त्यांनी फडकं पुन्हा बादलीत बुडवलं. "एकदा तिचे हात बगितलंय. वळ उठलेले. तरी मी उठलंय नाय रे."

मी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. शैलाने याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नव्हतं. बहुतेक तात्यांशीही बोलली नसावी.

रविवारी ती निघाली. स्कीच्या पिशवीला हात घालते तोवर तात्यांनी ती खांद्यावर घेतली, पाठीवरची सॅकही काढून घेतली.

"द्या ना तात्या, हलकी तर आहे."

"असू दे. तू मोकळ्या हातांनी चल गो."

ती पुढे, मागे तात्या, एका हाताने कठडा धरून. दारादारांत माणसं उभी होती. नाईककाकू म्हणाल्या, "अहो, एवढी धडधाकट पोर असताना तुम्ही कशाला ओझं उचलताय?"

तात्या जिन्यातच थांबले. मान वर करून सगळ्यांकडे बघितलं.

"माझंच काम होतं हे," ते म्हणाले, आणि सगळ्या चाळीच्या देखत तीन मजले उतरून रस्त्यापर्यंत गेले.