चामोर्शीच्या वार्ताहराचे निधनवृत्त

पत्रकार हा समाजाचा शिक्षक, राष्ट्राचा शिपाई आणि वेळ उरल्यास बातमीदार असतो. हे सत्य आमच्या चांदा जिल्ह्याला १९५७ साली कैरोहून कळले.

कैरोच्या एका दैनिकाचे सलीमसाहेब आमच्या जंगलात वाघ पाहायला आले होते. वाघ दिसला नाही, म्हणून त्यांना साप्ताहिक ‘वनदुंदुभी’चे वार्ताहर दाखवण्यात आले. ब्रह्मपुरीच्या सभेत ते म्हणाले, “आम्ही अरब पत्रकार जनतेला जागे करतो, एक करतो, पुढे नेतो.” (दुभाष्याने ‘पुढे नेतो’ दोनदा सांगितले. टाळ्याही दोनदा पडल्या.) लगेच हात वर करून मोजणी झाली. हजर वार्ताहरांपैकी शंभर टक्के मार्गदर्शक निघाले. बातमीदार एकही निघाला नाही.

चामोर्शीचे वार्ताहर बापूजी, म्हणजे माझे वडील, यांनी तेवढे विचारले, “साहेब, अन् बातमी कवा देता?”

सलीमसाहेब हसले. “वरून होकार आला की.”

सभेला फार हायसे वाटले. आपण इतकी वर्षे जे मुकाट्याने करत होतो, त्याला परदेशातही मान आहे हे तिला माहीत नव्हते.

संपादक गुणवंतरावांनी मग नियम केला: प्रत्येक बातमीतून समाजाला शिकवण मिळावी, आणि गावची बातमी त्या गावच्या वार्ताहराच्याच नावाने यावी. अंकाचा दर्जा झपाट्याने वाढला. गोंडपिपरीकडचा पूल वाहून गेला तेव्हा ‘नागरिकांना पोहण्याची सुसंधी’ असा मथळा आला.

त्या हिवाळ्यात बापूजी गेले. बातम्या त्यांच्या नावाने येत; पण ते नाव एकदा तरी बातमीच्या आत यावे एवढेच मला हवे होते. मी चार ओळी लिहून गुणवंतरावांकडे गेले.

“वच्छलाबाई, वाईट झालं,” ते म्हणाले. “पण यातून समाजाले दिशा कोनती भेटते?”

“तिरडी नदीकडे गेली, भाऊ. तेवढीच दिशा.”

“अन् चामोर्शीची बातमी तुमच्या नावानं कशी छापू? वार्ताहर तर बापूजी हायेत.”

“ते गेले, भाऊ. तीच तर बातमी हाय.”

“मले समजते, बाई. पण नियमाले कोन समजावनार?”

तोडगा त्यांनीच काढला. पुढच्या अंकात छापून आले: ‘आमचे चामोर्शीचे वार्ताहर बापूजी कळवितात की, त्यांचे नुकतेच निधन झाले. तरुणांनी त्यांच्या वक्तशीरपणाचा आदर्श घ्यावा.’

मेलेला माणूस कसा कळवितो, असे कोणीही विचारले नाही. बाजारात लटारू पाटील मात्र भेटले. “बाई, आमच्या नातवाचं बारसं हाय. बापूजीले म्हनावं, दोन ओळी टाका.”

मी होकार दिला. दोन ओळी टाकल्या. मग धान्य गोदामातल्या उंदरांच्या टाकल्या. मग त्या उंदरांना दोन पाय असल्याच्याही टाकल्या. मेलेल्या वार्ताहराला वरून होकार मागावा लागत नाही, हे गुणवंतरावांनाही पटले असावे.

तेव्हापासून, वाचकहो, चामोर्शीची प्रत्येक बातमी तुम्ही त्यांच्याच नावाने वाचत आहात. कचेरीत तुमची एकच तक्रार आली आहे: म्हातारा पहिले बरा होता, हल्ली फार खरे लिहितो.