परुळेकरांचा डावा हात

सत्यनारायणाच्या तीर्थासाठी परुळेकरांनी डावा हात पुढे केला, तेव्हा भटजींची पळी हवेतच थांबली.

"उजवा करा पुढे."

"उजवा रजेवर आहे," परुळेकर शांतपणे म्हणाले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही वाशीला नवीन राहायला आलो होतो. परुळेकर शेजारच्या ब्लॉकमध्ये, तळोज्याला एका केमिकल कारखान्यात सुपरवायझर. माणूस जन्माचा उजवा. पण त्या वर्षी दाढी, जेवण, सही, सगळं एकाएकी डाव्या हातानं सुरू झालं. गालावर चिकटपट्ट्या, शर्टावर आमटी. कॅरमला ते माझे पार्टनर. आम्ही ओळीनं अकरा बोर्ड हरलो.

"काका, टेन्शन येतं हो," मी म्हणालो.

त्यांनी डोक्याच्या उजव्या बाजूला टिचकी मारली. "डाव्या हाताला हुकूम इथून सुटतो. मानेपाशी बाजू बदलतो, मग कण्यातून खाली हातात. रस्ता आहे रे, फक्त वापरात नाही. रोज ये-जा पाहिजे."

काकू माहेरी, सावंतवाडीला होत्या. भांडून गेल्या असणार, असं सोसायटीनं परस्पर ठरवलं होतं. कुणी विचारलंच तर परुळेकर "येईल" एवढंच म्हणत.

दिवाळीच्या तोंडावर काकू आल्या. भावानं त्यांना धरून टॅक्सीतून उतरवलं. उजवा पाय फरपटत होता, उजवा हात लुळा. मेंदूत डावीकडे गुठळी झाली होती.

बॅगा वर चढवताना भाऊ मला म्हणाला, "दर आठवड्याला भावोजींचं पत्र यायचं, डाव्या हातानं लिहिलेलं. आज बटण जमलं, आज लसूण सोलला. आधी मी शिकतो, म्हणजे तुला कुठं अडेल ते मला कळेल, असं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चकल्या द्यायला गेलो. दार परुळेकरांनीच उघडलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"हिला दाखवत होतो," ते जरा लाजून म्हणाले. "बोट टेकवायचं, दाबायचं नाही."

काकू खुर्चीत बसल्या होत्या. डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवून त्यांनी हळूहळू वर नेलं. ते थरथरलं, वाटेत थांबलं आणि शेवटी डाव्या भुवईच्या वर टेकलं.

"आरसा द्या," त्या अडखळत म्हणाल्या.

परुळेकरांनी टेबलावरचा आरसा उचलून पाठीमागे धरला.

"आरसा कशाला? बरोबर मधोमध लागलंय," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"अगदी मधोमध, काकू," मी म्हणालो.