तळघरासकट

हॉटेलच्या हॉलमधलं दोन दिवसांचं शिबिर करून ब्रँटली कुझमा घरांच्या धंद्यात पडला. धंदा सोपा होता. घर विकत घ्यायचंच नाही. घर घेण्याचा नुसता करार करायचा, तो करार खऱ्या गिऱ्हाइकाला विकायचा आणि मधली मलई खायची. त्यासाठी त्याने अख्ख्या टोलेडो शहरात पत्रं वाटली होती : 'तुमचं घर आहे त्या स्थितीत घेतो.' पत्रं तो आईच्या तळघरात बसून लिहायचा.

बर्गरच्या रांगेत गाडीत असताना त्याचा भागीदार रस्टी याचा फोन आला.

"ब्रँट, मासा गळाला लागला! बाई घर द्यायला तयार आहे. फ्लोरिडाला बहिणीकडे चाललीय, घाईत आहे. तिची सही झाली, करार तुझ्या फोनवर पाठवलाय, आता तू कर."

"वाचून बघू का?"

"वाचणारे वाचत बसतात रे, करणारे श्रीमंत होतात. शिबिरात झोपला होतास काय?"

ब्रँटलीने फोनवर सॉसने माखलेल्या बोटाने सही ठोकली. संध्याकाळपर्यंत त्याने तो करार ओस्ट्रँडर नावाच्या गिऱ्हाइकाला विकलाही. "घर रिकामं पाहिजे," ओस्ट्रँडर म्हणाला. "एकदम रिकामं," ब्रँटलीने लेखी दिलं.

शीळ घालत तो घरी आला, तर आई भिंतीवरचे फोटो उतरवत होती.

"मॉम, हे काय?"

"घर विकलं."

"कुणाला?"

"तुला."

ब्रँटलीने आयुष्यात पहिल्यांदा एक करार वाचला. खाली आईची झोकदार सही, शेजारी त्याचा सॉस. त्याने रस्टीला फोन लावला.

"अरे गाढवा, आडनाव तरी बघायचंस!"

"बघितलं ना! म्हटलं, टोलेडोत कुझमा काय, खंडीभर असतील."

"बरं, पाहणी करून मागे फिरायचं कलम?"

"बाई म्हणाली काढा, मी काढलं. फार गोड बाई आहे रे."

ब्रँटली आईकडे वळला. "मॉम, मी त्या माणसाला घर रिकामं देतो म्हणून लिहून दिलंय!"

"ते तू दिलंस. मी आहे त्या स्थितीत दिलंय." आईने खोक्याला चिकटपट्टी मारली. "छप्पर गळतं, नळ रडतो, तळघरात तू. सगळं घेणाऱ्याचं."

"मग मी राहू कुठे?"

"घेणाऱ्याला विचार. तूच आहेस तो."

दुसऱ्या दिवशी ओस्ट्रँडर टॉर्च घेऊन घर बघायला आला. तळघराच्या जिन्यावर तो थबकला. खाली गादी, मोजे, पिझ्झाचे खोके.

"इथे कोण राहतं?"

"आहे एक जण."

"भाडं देतो?"

"छे."

"कधीपासून आहे?"

"लहानपणापासून."

ओस्ट्रँडरने कपाळाला हात लावला. "असली माणसं चिकट असतात. निघेल ना?"

वरच्या खिडकीतून आईची गाडी दिसत होती. टपाला सामान बांधून ती कोपऱ्यावरून फ्लोरिडाच्या दिशेने वळली आणि वळताना दोनदा हॉर्न वाजला.

"इतकी वर्षं कुणालाच जमलं नव्हतं," ब्रँटली मोजे गोळा करत म्हणाला. "काल जमलं."