ज्वारीचा मुऱ्हाळी

ग्यानबामामा धुवट धोतर नेसून, फेटा बांधून दुसऱ्याच्या रानात शिरले, की समजावं, त्या माणसानं त्यांच्याकडं मूठभर ज्वारीचं बी मागितलेलं आहे. मागितलं आणि मिळालं, असं मामांच्या दारात होत नसे. आधी ते रान बघायचे. ढेकूळ फोडून हुंगायचे, बैलांच्या बरगड्या न्याहाळायचे आणि मग घरच्या बाईला विचारायचे, "जाचबिच न्हाई ना करणार आमच्या लेकीला?"

सोनपेठकडच्या त्या गावात मी शाळामास्तर आणि मामा माझे शेजारी. जिकडंतिकडं हायब्रीडचं वारं होतं. पोती भरत, त्यामुळं जुन्या वाणांना कुणी विचारत नव्हतं. मामांनी मात्र ते राखेत घालून गाडग्यांत जपलेले. हुरड्याची ज्वारी ती थोरली, भाकरीची मधली आणि लाह्यांची बारीक, पांढरी ज्वारी ती धाकली. पैसे घ्यायचे नाहीत. "लेकी इकतेत का, गुर्जी?" अट एकच. सणाला माहेरचा माणूस मुऱ्हाळी होऊन लेकीला न्यायला येतो, तसे मामा यायचे आणि दिलं तेवढं बी माहेरी घेऊन जायचे. एका घरी बुडालं तरी दुसऱ्या घरी राहावं, हा त्यातला हिशेब. हायब्रीडचं नाव काढलं की म्हणत, "तिला माहेरच न्हाई. दरसाल दुकानातून नवी आणा. असली सोयरीक काय कामाची?"

एकदा परभणीहून शेतीखात्याचे एक साहेब बी मागायला आले. मामांनी त्यांना चहा पाजला, गाव विचारलं, पाव्हणे विचारले. साहेबांच्या नावावर गुंठाभर रान नाही हे कळल्यावर म्हणाले, "साहेब, तुमी लय गुणाचे. पण पोरगी ठिवणार कुठं, कपाटात?"

मला धाकली मिळाली ती निव्वळ शेजारधर्मानं. माझं रान त्यांना फारसं पसंत नव्हतंच, आणि पसंत पडण्यासारखं मी काही करत नव्हतो. तरी पीक आलं, आणि बी मी डब्यात घालून ठेवलं. त्या पावसाळ्यात मामांच्या घरावरचं माळवद गळलं आणि त्यांच्याकडची धाकली गाडग्यातच कुजली. मामा बिनघोर. "तुमच्याकडं हाय की."

आमच्याकडं होती, पंचमीच्या आदल्या दिवसापर्यंत. पंचमीला लाह्या हव्यात आणि घरात लाह्यांची ज्वारी आहे, एवढा सरळ विचार करून आमच्या सौभाग्यवतींनी कढई चढवली. तिला सांगून ठेवायचं मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी मामा फेटा बांधून हजर. "धाकलीला न्यायला आलोय." बायकोनं कौतुकानं ताटलीभर लाह्या पुढं ठेवल्या. मामांनी बकाणा भरला, वा म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडं गेलं.

तोंडातला घास त्यांनी सावकाश गिळला. "लय हलकी फुटलीय," एवढंच बोलले. मला तेव्हा शिव्या खाल्लेल्या परवडल्या असत्या.

बाकीच्या घरांतूनही धाकली कधीच हद्दपार झालेली. उरलं जिंतूरकडचं एक घर, मामांच्या सख्ख्या बहिणीचं. सुंद्राबाईंच्या लग्नात आईनं ओटीत धाकलीच घातली होती. पण ती आई गेली तेव्हा मामांकडून निरोप धाडायला उशीर झाला. सुंद्राबाई पोचल्या तर सगळं आटोपलेलं. त्या रुसल्या, आणि मामा शरमेनं पुन्हा त्यांच्या दारी गेले नाहीत. साऱ्या पंचक्रोशीत ज्वारीला न्यायला जाणारा हा माणूस बारा वर्षं बहिणीला न्यायला गेला नव्हता.

अपराध माझा, म्हणून मीही सोबत निघालो. परभणीपर्यंत मामा कंडक्टरला वाणांची माहिती देत होते. जिंतूरच्या गाडीत बसल्यावर मात्र गप्प झाले.

सुंद्राबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, माझी चौकशी केली. भावाशी अवाक्षर नाही. मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "धाकलीला न्यायला आलोय."

त्या आत गेल्या आणि एक गाडगं आणून पुढ्यात ठेवलं. राख फुंकली. खाली पांढरे, बारीक दाणे. "दरसाल बांधाच्या कडंला दोन वळी पेरते. आईनं घातलेली हाय ओटीत, मोडीन कशी?" मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "दारात फेटा दिसला, तवा मला वाटलं, मलाच न्यायला आलास."

आता मामा काहीतरी मजेशीर बोलून वेळ मारून नेतील असं मला वाटलं. त्यांनी गाडगं उचललं आणि बहिणीच्या बाजूला सरकवलं.

"चुकलं माझं, सुंद्रे. तवाबी चुकलं आन् आताबी. तू चल. ती तुझ्या ओटीत यील."

सुंद्राबाई उठून आत गेल्या. जरा वेळानं साठी उलटलेल्या त्या बाईचा आवाज स्वयंपाकघरातून आला. सुनेला सांगत होत्या, "चार दिस घर सांभाळ गं. मी माहेरी चाललेय."