माणूसच आहो!

आमचे तानबाभाऊ संडासात जातानासुद्धा आरोळी देतात. "येऊन राह्यलो हो! माणूसच आहो!" मग दाराशी थांबतात. आत जायच्या आधी कोणी "या" म्हणेल याची ते प्रत्येक दारात वाट बघतात. आत कोणी असलंच, तर त्या बिचाऱ्याने त्या अवस्थेत काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न आमच्या संस्थेत अजून सुटलेला नाही.

संस्था जंगल राखते आणि भाऊ संस्थेची जीप चालवतात. मूळचे गडचिरोलीकडचे. त्यांच्या गावची माणसं मोहफुलं वेचायला अशाच हाका देत जातात, म्हणजे झुडपामागचं अस्वल वेळेवर बाजूला होतं. "अचानक भेटलं का ते घाबरते," भाऊ सांगतात, "अन् घाबरलं का मंग आपलं काई खरं नाई." इथवर कुणाचीच तक्रार नाही. पण भाऊंनी हा नियम अख्ख्या जगाला लावला. फ्रिज उघडतानाही आरोळी! वरोऱ्याला बँकेत मॅनेजरच्या केबिनबाहेर त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, की गार्ड बंदूक सावरत धावला. मी रागावलो, तर म्हणाले, "सायेबही दचकला का चावतेच न, बाबू."

यंदा आमचं कर्मचारी शिबिर जंगलाच्या काठच्या मोहर्लीला भरलं. ते घ्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या, अगदी हळू बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसवलं. आमचे हिशेबनीस हसता हसता खुर्चीवरून पडले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मौन. चहापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. एकाने जरी उघडलं, तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, आणि चहाही तेवढा पुढे.

सगळ्यांच्या माना तानबाभाऊंकडे वळल्या. आमच्या संचालक सुजाताताईंनी त्यांना बाजूला घेतलं. पुढच्या महिन्यात भाऊंच्या जीपमधून पाहुणे जंगल बघायला जाणार होते आणि त्यांना तिथे शांतता हवी होती. "भाऊ, एवढा वेळ गप्प राहून दाखवा, जीप तुमचीच. नाहीतर मला तुम्हाला बियाण्यांच्या गोदामावर बसवावं लागेल."

भाऊंचा चेहरा उतरला. "गोदामात, ताई? तिथी तं कोनीच नसते. आवाज देला तं 'या' म्हनायले कोन आहे?"

"मग गप्प राहा," म्हणून ताई निघून गेल्या. भाऊंनी दुपट्ट्याने तोंड करकचून बांधून घेतलं.

पाण्याचा माठ इमारतीच्या कोपऱ्यापलीकडे होता. भाऊ पाणी प्यायला निघाले आणि कोपऱ्यावर अडले. आरोळी दिल्याशिवाय पाऊल पुढे पडेना! दुपट्ट्याआड गाल फुगले, डोळे लालबुंद झाले. टाळी वाजवायला हात उचलले, तर ताईंनी लांबून बोट नाचवलं. भाऊ मागे गेले, धावत आले, पुन्हा कोपऱ्यावर गच्च उभे. आम्ही झाडाखाली तोंडात रुमाल कोंबून लोळत होतो.

तेवढ्यात पलीकडून मॅडम आल्या. डोळे मिटून, अनवाणी, मन एकाग्र करून चालत. त्या वळल्या त्या थेट भाऊंच्या छातीवर आदळल्या. डोळे उघडले, तर समोर फडक्याने बांधलेलं तोंड आणि वर दोन लाल डोळे. "आई गं! मेले, मेले!" अशी त्यांनी किंकाळी फोडली, की छपरावरची माकडंसुद्धा पसार झाली. भाऊंनी मात्र हूं की चूं केलं नाही. स्वतःच घाबरून मटकन खाली बसले आणि 'माणूसच आहो, माणूसच आहो' असं हातांनी खुणावत राहिले.

मौन मोडलं ते मॅडमनीच. ताईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं आणि जीप भाऊंकडेच राहिली. संध्याकाळी जो तो आरोळी देऊनच भजी घ्यायला स्वयंपाकघरात शिरत होता, मॅडम तर सगळ्यांत मोठ्याने. भाऊ आत बसून प्रत्येकाला "या, या!" म्हणत होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

चंद्रपूरला परतल्यावर एरवी भाऊ मला घरी सोडून मग पुढे जातात. त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी जीप माझ्याकडे राहायची होती, म्हणून आम्ही आधी त्यांच्या घरी गेलो. त्यांचं घर मी पहिल्यांदाच बघत होतो. दाराला बाहेरून कुलूप होतं. भाऊ अंगणात उभे राहिले आणि आरोळी दिली, "येऊन राह्यलो हो! माणूसच आहो!"

"भाऊ, कुलूप आहे न," मी जीपमधून म्हणालो.

"माहीत आहे, बाबू." किल्ली हातात घेऊन ते तसेच उभे. "आमची घरवाली, यशोदा, होती तं आतून म्हने, माणूस असन तं पाय धुवून ये, अस्वल असन तं तसाच ये. रोज म्हने अन् रोज हासे. ती गेली, पन आवाज देल्याशिवाय मले काई घरात जाता येत नाई."

मी जीपमधूनच ओरडलो, "माणूस असाल तं पाय धुवून या, अस्वल असाल तं तसेच या!"

भाऊंनी वळून पाहिलं नाही. किल्ली खिशात टाकली, अंगणातल्या टाकीशी गेले आणि कितीतरी वेळ पाय धूत राहिले.